शोभेल असं पाप

चंद्रगूपच्या पायथ्याशी बस थांबली आणि परसराम व हशमतराय हे सख्खे भाऊ सहा वर्षांनी पहिल्यांदा एकमेकांशी बोलले. बंगल्याच्या वाटणीत मधल्या भिंतीला रंग कोणी द्यायचा यावरून तुटलेलं ते बोलणं. हिंगलाजदेवीचा, म्हणजे नानीचा, महिमाच म्हणायचा.

"अदा, बाबा बसमध्ये काय बोलले ते ऐकलंस?" हशमतने थोरल्या भावाला विचारलं.

"मीच काय, पुढच्या बसनेही ऐकलं असेल," परसराम म्हणाला. "तंबूत चल."

बाबा म्हणजे सेठ तोलाराम. वय पंच्याऐंशी, कान पार गेलेले, त्यामुळे मनातलं गुपितही ते बाजारात भाव पुकारावा तसं बोलत. कराची मागे पडून समुद्राकाठचा रस्ता लागला तसे ते एकदम जागे झाले आणि शेजारी बसलेल्या आपल्या मुलीला म्हणाले, "किशनी, उद्या वर गेल्यावर मी तीन नंबरचं सांगणार." किशनीच्या हातातली जाड रोटी, कोकी, हातातच राहिली. पुढच्या सीटवर हशमतचा घोरणारा सूर थांबला. बाबा मात्र बोलून मोकळे झाले आणि पुन्हा झोपले.

हिंगलाजला नानीच्या दरबारात जायचं तर आधी चंद्रगूप चढावा लागतो. मातीचा उघडाबोडका डोंगर, वर तोंड, आणि त्या तोंडात राखाडी चिखल. चूल नाही, जाळ नाही, तरी तो उकळतो. कडेवर उभं राहायचं, आपलं नाव सांगायचं, गाव सांगायचं आणि आपलं पाप मोठ्याने सांगायचं. यात्रा नेणारा छडीदार महाराज शेजारी उभा असतो. चिखलात बुडबुडा आला की पाप पोचलं. मग नारळ आत टाकायचा आणि पुढे निघायचं. बुडबुडा आला नाही तर नारळ हातात आणि माणूस पायथ्याशी, मग तो सेठ असो की हमाल. कुजबुजून चालत नाही, चिठ्ठी चालत नाही, वकील तर नाहीच नाही.

सिंधमधल्या कुनरीच्या या मिरचीवाल्या घराण्याला ते चांगलं ठाऊक होतं, म्हणून पिढ्यान् पिढ्या त्यांची पापं घरूनच तयार होऊन येत. रागावलो. एकादशीला कांदा खाल्ला. सुनेला टाकून बोललो. बुडबुडे वेळेवर येत, नारळ वेळेवर पडत, आणि मंडळी निर्मळ होऊन मिरचीच्या हंगामाला वेळेवर घरी पोचत. तीन नंबरचा विषय बावन्न वर्षांत कोणी काढला नव्हता.

तीन नंबर म्हणजे गोदाम नंबर तीन. सरकारी कागदावर तसंच आहे. एकाहत्तरच्या लढाईत मोहल्ल्यातली निम्मी घरं वाळू तुडवत सीमेपलीकडे बाडमेरला गेली, तेव्हा त्या जागी देवीचं देऊळ होतं. पुजारी विशनदासने बाहेरच्या दाराची किल्ली तोलाराम सेठच्या हातात ठेवली आणि सांगितलं, "परत येईपर्यंत लक्ष ठेवा." पुजाऱ्याची मुलगी हेमी किशनीच्या बरोबरीची, बारा वर्षांची. तिने आतल्या गाभाऱ्याची किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून किशनीच्या गळ्यात घातली आणि म्हणाली, "संध्याकाळी दिवा लाव हं." किशनीने आठ महिने लावला. मग पावसाने वाळत घातलेली मिरची गाठली आणि सेठनी दहा पोती देवळात नेऊन ठेवली, पाऊस संपेपर्यंत. पाऊस संपला, पोती राहिली. दहाची शंभर झाली, शंभराची चार हजार. कळसावर पाण्याची टाकी बसली. देवी आत, तिच्यापुढे बंद दार, दारापुढे छतापर्यंत लाल मिरची.

आता यात्रेहून परतलं की हशमत तीन नंबर पाडून तिथे शीतगृह बांधणार होता. ठेकेदार ठरला होता, नकाशा दिवाणखान्यात लटकत होता. गळ्यात ती किल्ली घेऊन किशनी रोज त्या नकाशाखालून जा-ये करत होती. बाबा उद्या सगळ्यांसमोर बोलले तर देऊळ वाचेल. नाही बोलले तर पंधरा दिवसांत देवीवर कुदळ पडेल. तिची यात्रा एवढ्याचसाठी होती.

तंबूत परसराम मधोमध बसला, कारण कुठेही बसला तरी तो मधोमधच बसे. तो देवस्थान बचाव समितीचा अध्यक्ष होता आणि यंदा विधानसभेतल्या अल्पसंख्याकांच्या राखीव जागेसाठी त्याचं नाव चाललं होतं. यात्रेला येताना त्याने समितीचा फोटोग्राफर बरोबर आणला होता. सेठ परसराम यांची सपत्नीक यात्रा तो दिवसभर मोबाईलवर थेट दाखवत होता. आत्ता त्याला चहा प्यायला पाठवलं होतं.

"पाप सांगायला हरकत नाही, बाबा," परसराम बाबांच्या कानाशी ओरडला. "पण कोणतं सांगायचं याला काही धरबंध आहे की नाही?"

"जे केलं ते सांगायचं," बाबा म्हणाले.

"केलेली पुष्कळ असतात. त्यातून निवडावं लागतं!"

"हळू ओरड, अदा," हशमत म्हणाला. "शेजारच्या तंबूत सांघडवाले आहेत."

"सांगू दे की त्यांना," परसरामची बायको सुंदरी एकदम म्हणाली. "देवीची जागा देवीला गेली तर बिघडलं कुठे? मी अदी किशनीच्या बाजूची आहे."

किशनी चकित झाली. तीस वर्षांत सुंदरी तिच्या बाजूने मीठ द्यायलाही उठली नव्हती. तिच्या जिवात जरा जीव आला. पण सुंदरीनेच पुढे खुलासा केला, "शीतगृह झालं की हशमतची बायको गावात कशी मिरवेल ते दिसतंय मला. आत्तापासूनच नव्या गाडीचा रंग सांगत फिरतेय."

परसराम वाकून तिच्या कानात काहीतरी बोलला. राखीव जागा, पत्रकार, आणि 'आमदारीण' एवढे शब्द किशनीला ऐकू आले. सुंदरीने ओढणी सारखी केली.

"तसं बघायला गेलं तर अदी," ती म्हणाली, "देवी काय, सगळीकडेच आहे. पोत्यांतही आहेच की."

"बघ, भाजाईला पटलं," हशमत वहिनीकडे बघत खूश होऊन म्हणाला.

"पण हशमत," किशनी म्हणाली, "दुसऱ्या गावच्या देवळात कोणी म्हशी बांधल्या म्हणून तुझा हा भाऊ उपोषणाला बसला होता ना?"

"दोन तास," परसराम म्हणाला.

"बसला होतास ना? फोटो आहे."

"म्हशींची गोष्ट वेगळी, अदी. म्हशी सोडल्या की चालू लागतात. पोती चालतात का?"

"मग रिकामं करा. सांगायला पापच उरणार नाही."

इतकी सोपी गोष्ट कोणी आपल्यासमोर बोलावी याचा दोघा भावांना मनापासून राग आला. हशमत बहिणीला म्हणाला, "अदी, तू व्यवहारात पडू नकोस. तुला घरात काही कमी पडू दिलंय का आम्ही?"

हे वाक्य किशनी सव्विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली तेव्हापासून ऐकत होती. ते ऐकलं की ती गप्प बसे. आत्ताही बसली, आणि तिला स्वतःची चीड आली.

मग भावांनी बाबांना दोन्ही बाजूंनी घेतलं. एका कानात परसरामचं तिकीट, दुसऱ्या कानात नातीची सोयरीक. सोयरीक मोडेल म्हटल्यावर बाबांनी डोळे मिटले. सुंदरी म्हणाली, "अगदीच बारीकही नको हं. गेल्या वर्षी त्या कापडवाल्याने मुंगी चिरडली म्हणून सांगितलं, रांगेतले लोक हसले. घराण्याला शोभेल असं काहीतरी हवं."

पापांवर पापं सुचवली गेली. कुत्र्याला दगड मारला, हे बाबांच्या वयाला शोभेना. वजनात मारलं, हे खरं असल्यामुळे बाद झालं. तासाभराने बाबांनी डोळे उघडले.

"मी एक नारळ चोरला होता," ते म्हणाले. "ते सांगू?"

"वा!" परसराम म्हणाला.

"लहानपणी ना? किती गोड," सुंदरी म्हणाली. बाबांना ते ऐकू गेलं नाही. कोणाचा नारळ, हे कोणी विचारलं नाही. किशनीनेही नाही. बाप हरला एवढंच तिला दिसत होतं.

ऊन उतरल्यावर छडीदार शंभूपुरी तंबू-तंबू फिरत आला. उद्या डोंगराला वाहायची मोठी रोटी सगळ्यांच्या पिठाची होते. प्रत्येक घरातून एक मूठ. चौघे जण चादरीचे चार कोपरे धरून असतात, पीठ जमिनीला टेकू द्यायचं नाही. हशमतने घरची पिशवी पुढे केली. शंभूपुरीने मूठ भरली आणि सलग पाच वेळा शिंकला.

"सेठ, आटा आहे की मसाला?"

"तीन नंबरमध्ये ठेवला होता," हशमत बोलून गेला. परसरामने त्याच्या पायावर पाय दिला. चादर धरणाऱ्या चौघांनीही शिंकून घेतलं, पण कोपरा एकानेही सोडला नाही.

किशनी बाहेर बसच्या सावलीत जाऊन बसली. तिथे ड्रायव्हर रसूलबख्श, एरवी सेठच्या गोदामावर पोती उचलणारा, चाकाला टेकून चहा पीत होता. तो दरवर्षी येई. नानीच्या हजला, तो यात्रेला हजच म्हणे, सेठ लोकांना एकट्याने पाठवणं त्याला बरोबर वाटत नसे.

"अदी, डोळे का लाल?"

"पीठ गेलं डोळ्यात."

"तीन नंबरचं असेल. तिथली मिरची फार कडक," तो म्हणाला. मग जरा थांबून, "खरं सांगू? मी तिथे पोतं उचलताना घाबरतो. चप्पल बाहेर काढून जातो."

"तू?"

"माझा बाप तिथे हमाल होता. तोही काढायचा. म्हणायचा, आत बाई राहते, तिच्या घरात मिरची आपण नेऊन टाकतो, निदान चप्पल तरी नको. सगळे हमाल काढतात, अदी. हशमत सेठ बूट घालून येतात, मग आम्ही तिकडे बघत नाही."

किल्ली तिच्या गळ्यात, आणि इतकी वर्षं अदब सांभाळली ती रसूलबख्शच्या बापाने. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने ओढणीवरून किल्ली चाचपली आणि उठली.

सकाळी उजाडताच सगळे चढायला लागले. पायऱ्यांच्या खालीच चपलांचा ढीग पडला. परसरामने तेवढे बूट पायातच ठेवले. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणाला, साखर आहे. बाबांना रसूलबख्शने पाठीवर घेतलं. फोटोग्राफर पुढे उलटा चालत मोबाईल धरून होता. मधूनच तो सांगे, "सेठ, अकराशे लोक बघतायत," आणि परसरामच्या चेहऱ्यावर लगेच भक्ती येई.

वर रांग चांगली तीनशे माणसांची होती. थरपारकरचा एक कोळी म्हणाला, भावाची शेळी विकली, बुडबुडा. एक सून म्हणाली, सासू मरावी असं वाटलं. बुडबुडा, आणि रांगेतून बऱ्याच बायकांचे उसासे. मग कुनरीवाल्यांची पाळी आली. रसूलबख्शने बाबांना कडेवर उभं केलं आणि मागून धरून ठेवलं.

"मी तोलाराम, गाव कुनरी," बाबा गरजले. "मी एक नारळ चोरला."

चिखल गप्प. वाऱ्याने त्यावर एक बारीक सुरकुती आली, तीही विरली.

"आणि?" शंभूपुरीने विचारलं.

"आणि काही नाही, महाराज," परसराम म्हणाला. "एकच नारळ."

"मी त्यांना विचारलं."

बाबा चिखलाकडे बघत राहिले. सगळे वाट बघू लागले. परसराम पुटपुटला, "कुत्र्याचंही सांगून टाका." हशमत पुढे होऊन म्हणाला, "महाराज, यांनी एकदा कुत्र्याला दगडही मारला होता." चिखल गप्प. "आणि वजनात..." परसरामने त्याला कोपराने ढोसलं. मागून कोणीतरी ओरडलं, "अहो सेठ, आठवा की लवकर, ऊन चढतंय!"

"वरून नारळ टाकून देऊ का?" सुंदरीने विचारलं. "आपसूक बुडबुडा येईल."

"तो बुडबुडा नारळाचा," शंभूपुरी म्हणाला. "सेठना खाली न्या. यांची यात्रा इथपर्यंतच."

बाबांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाला पुढच्या वर्षी या असं म्हणायचीही सोय नव्हती. रसूलबख्श त्यांना पाठीवर घ्यायला वाकला.

"थांब," किशनी म्हणाली, आणि कडेवर जाऊन उभी राहिली. आवाज बापाचा निघाला.

"मी किशनी, तोलारामची मुलगी, गाव कुनरी. आमचं तीन नंबरचं गोदाम हे देवीचं देऊळ आहे."

"अदी!" हशमत ओरडला. फोटोग्राफरने सवयीने मोबाईल आवाजाच्या दिशेला वळवला.

"पोती कोणी ठेवली ते ज्याचं त्याने सांगावं. मी माझं सांगते. गाभाऱ्याची किल्ली बावन्न वर्षं माझ्या गळ्यात आहे. मी हेमीला दिवा लावते म्हणाले होते. आठ महिने लावला. मग पोती आली, आणि मला बरं वाटलं. रोज संध्याकाळी खेळ सोडून जायचा कंटाळा आला होता. पुढे मोठी झाले, विधवा झाले, घरी आले. बोलले तर हे घर जाईल म्हणून गप्प राहिले. मला दोन वेळचं जेवण मिळालं आणि ती अंधारात बसली. पंधरा दिवसांनी तिला पाडणार आहेत. तेही मला माहीत होतं."

चिखल मधोमध हळूच वर उचलला गेला, फुगला आणि फुटला. तो किशनीसाठी आला की त्याची वेळच झाली होती, हे नानीला ठाऊक. शंभूपुरीने मान डोलावली.

"काय म्हणाली? काय म्हणाली?" बाबा विचारत होते.

"अदीने तीन नंबरचं सांगितलं!" रसूलबख्श त्यांच्या कानात ओरडला, आणि जे थोडेफार लोक मागे ऐकायचे राहिले होते त्यांनाही कळलं.

"मग माझा नारळही तिथलाच!" बाबा म्हणाले. केवढा तरी सुटल्यासारखा आवाज होता तो. "विशनदासने जाताना देवीच्या दारापुढे ठेवलेला. पहिलं पोतं टेकायला तेवढीच कोरडी जागा होती. मी नारळ उचलला, पोतं ठेवलं. घरी नेऊन चटणी केली. परसूने दोनदा मागून खाल्ली."

बुडबुडे एकामागून एक तीन आले. कोणीतरी 'जय नानी' म्हणालं आणि तीनशे माणसांनी ते उचललं. बाबांनी नारळ टाकला. किशनीने टाकला. ती रडत होती आणि तिला ते लपवावंसं वाटत नव्हतं.

"सेठ," फोटोग्राफर हळूच म्हणाला, "एकोणीस हजार लोक बघतायत."

परसराम तसा हाडाचा पुढारी. त्याने एक श्वास घेतला, टोपी सारखी केली आणि मोबाईलकडे वळला. "बंधूंनो, आज आमच्या समितीने बावन्न वर्षं अतिक्रमणाखाली असलेल्या एका प्राचीन देवस्थानाचा शोध लावला आहे!"

"अतिक्रमण कोणाचं, सेठ?" रांगेतून सांघडवाल्याने विचारलं.

"त्याची निःपक्षपाती चौकशी होईल," परसराम म्हणाला. मग तोंड वळवून, ओठ न हलवता, बहिणीला, "अदी, ती किल्लीही टाक आत. पापाचं मूळच जाऊ दे."

किशनीने दोरा गळ्यातून काढला. किल्ली हातात घेऊन ती क्षणभर चिखलाकडे बघत राहिली. टाकली असती तर सगळे टाळ्या वाजवून घरी गेले असते, आणि बंद दार तसंच बंद राहिलं असतं. तिने मूठ मिटली. ते बघून परसरामने लगेच बेत बदलला. हसून, मोबाईलला नीट दिसेल असा हात पुढे केला.

"तर मग, आपल्या भगिनी ही पवित्र किल्ली समितीच्या स्वाधीन करतील."

किशनीने त्याच्या हाताकडे पाहिलं, मग पायांकडे.

"आधी बूट काढ," ती म्हणाली.

"अदी, साखर आहे मला."

"तिथले हमाल चप्पल काढून जातात. काढ."

एकोणीस हजार लोक बघत होते. परसराम नानीच्या दारात, चिखलाच्या कडेला मटकन बसला आणि नाड्या सोडू लागला. एका नाडीला गाठ बसली, ती त्याला सुटेना. सुंदरी पुढे झाली नाही. रसूलबख्श बूट उचलायला वाकला तसा किशनीने त्याला हाताने अडवलं.

"राहू दे. ज्याचे त्याने धरावेत."

अनवाणी परसराम एका हातात बूट घेऊन उभा राहिला आणि दुसरा हात त्याने पुन्हा पुढे केला. किशनीने दोरा परत गळ्यात घातला.

"किल्ली मी लावणार," ती म्हणाली. "दारापुढची चार हजार पोती तेवढी तुम्ही दोघं उचला. अनवाणी."

उतरताना हशमतने दबक्या आवाजात विचारलं, "अदा, एवढी पोती ठेवायची कुठे?" परसराम बूट काखेत मारून तसाच उतरत राहिला. दोघांचं बोलणं पुन्हा बंद झालं होतं. पुढे रसूलबख्शच्या पाठीवर बाबा प्रसादाची रोटी खात होते, तिखट लागून त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते किशनीकडे आणखी एक तुकडा मागत होते.